पहिला रेटेड डाव: कारो-कान, काळी मोहरी आणि एक लांबलेली दुपार

ऑनलाइन बुद्धिबळाचे दहा-दहा मिनिटांचे डाव खेळणारे आपल्यात खूप आहेत. घड्याळ लावून, कागदावर खेळ्या लिहीत, समोर बसलेल्या माणसाशी तीन-चार तासांचा डाव मात्र त्यातल्या बहुतेकांनी कधीच खेळलेला नसतो. मीही त्यांच्यातलीच होते. या वर्षी क्लबाच्या रेटेड स्पर्धेत (म्हणजे जिच्या निकालांवरून खेळाडूच्या ताकदीचा आकडा, रेटिंग, ठरतो) उतरले आणि फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, यादीत नाव येईपर्यंतचा सगळा प्रवास करून झाला. वाटेत काय काय लागलं ते क्रमानं लिहिते. त्यातला एक डाव जरा सविस्तर सांगणार आहे, कारण डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांबद्दल, म्हणजे ओपनिंगबद्दल, नवख्यांचा पहिला प्रश्न असतो, "ओपनिंग किती पाठ करायचं?" माझ्यापुरतं त्याचं उत्तर त्या डावात मिळालं.

सुरुवात जूनमध्ये केली, आणि ती पटापासून नाही, अर्जापासून. रेटेड स्पर्धेत खेळायचं तर फिडे आयडी लागतो. तो फिडे तुम्हाला थेट देत नाही, राष्ट्रीय महासंघामार्फत मिळतो. महासंघाची नोंदणी, तिची फी, जन्मतारखेचा पुरावा, फोटो. नाव ओळखपत्रावर आहे तस्संच लिहा आणि आडनाव कुठल्या रकान्यात जातंय ते दोनदा बघा, कारण हेच नाव पुढे रेटिंगच्या यादीत, पेअरिंगच्या (कोण कुणाशी खेळणार त्या) तक्त्यात आणि निकालात छापून येतं. अर्ज भरल्यावर लगेच काही होत नाही. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून स्पर्धेच्या शेवटच्या तारखेच्या तोंडावर हे काम काढू नये. आयडी आला की फिडेच्या संकेतस्थळावर आपलं पान दिसायला लागतं. त्यावर रेटिंगच्या जागी काहीच नसतं, तरी ते पान मी घरातल्या सगळ्यांना दाखवून झालं.

स्पर्धेची प्रवेश फी वेगळी. ती भरण्याआधी माहितीपत्रकात दोन गोष्टी वाचा. एक, वेळ किती. आमच्याकडे प्रत्येकी ९० मिनिटं आणि पहिल्या खेळीपासून दर खेळीला ३० सेकंद जादा असं होतं. लांब डावांच्या स्पर्धांत हे बऱ्याच ठिकाणी असतं. दुसरी गोष्ट, उशिराची मुभा किती. नियम असा आहे की आयोजकांनी ती आधी जाहीर करायची, आणि केली नसेल तर ती शून्य धरायची. म्हणजे फेरी सुरू झाली तेव्हा तुम्ही खुर्चीत नसाल तर डाव गेला. आम्हाला पंधरा मिनिटांची मुभा होती. तरी पहिल्या फेरीला मी इतकी लवकर पोचले की टेबलं मांडायला हात लावला.

मधले दोन महिने तयारीचे. पांढऱ्यानं काय खेळायचं हे मला आधीच ठरलेलं होतं, प्रश्न काळ्याचा होता. १.ई४ ला उत्तर म्हणून कारो-कान हा बचाव घेतला: १...सी६ आणि मग २...डी५. (पहिला आकडा खेळीचा, मग मोहरं ज्या घरात जातं ते घर. मोहऱ्याचं नाव नसेल तर प्यादं, तीन टिंबं म्हणजे काळ्याची खेळी, × म्हणजे मारणं.) होरेशियो कारो आणि मार्कुस कान या दोघांनी १८८६ साली यावर विश्लेषण प्रसिद्ध केलं, त्यावरून हे नाव. कापाब्लांका, बॉट्विनिक, पेट्रोस्यान, कार्पोव असे एकापेक्षा एक चिवट जगज्जेते हे खेळत आले. मला पटलेली गोष्ट साधी होती. फ्रेंच बचावात ई६ आधी खेळल्यामुळे काळ्याचा सी८ चा उंट आत कोंडला जातो. कारो-कानमध्ये तो आधी बाहेर निघतो आणि मग ई६ येतं. एवढं कळलं की पुढच्या निम्म्या खेळ्या आपल्या आपण सुचतात.

तयारी करताना मी एक नियम घातला. कुठलाही प्रकार घेतला की आधी त्यातले नामांकित खेळाडूंचे पाच-सहा पूर्ण डाव शेवटपर्यंत पटावर मांडून बघायचे, इंजिन (खेळ्या तपासणारा संगणकाचा प्रोग्रॅम) बंद ठेवून. पंधराव्या खेळीनंतर काळा काय करतो? कुठली मोहरी बदलून टाकतो, कुठली राखतो? मग वहीत त्या प्रकाराच्या नावाखाली दोन-तीन ओळी लिहायच्या. खेळ्यांची झाडं मी फार रंगवली नाहीत. ३.ई५ चा ॲडव्हान्स प्रकार हल्ली खूप खेळला जातो म्हणून त्याला सगळ्यात जास्त वेळ दिला. ३. घोडा सी३ चा क्लासिकल, ४.सी४ चा पानोव्ह आणि ३.एफ३ चा फँटसी हेही झाले. ३.ई×डी५ च्या एक्सचेंजला एक संध्याकाळ. ती संध्याकाळ कामी आली, ते पुढे येईलच.

आणखी एक तयारी, जी कुणी सांगत नाही: लिहिण्याची. रोज एक डाव लाकडी पटावर, कागदावर खेळी लिहीत खेळायचा. ऑनलाइनची सवय असेल तर त्रिमितीतला पट सुरुवातीला परका वाटतो. लांबच्या कर्णावरचा उंट चक्क दिसत नाही. मोहऱ्यांची आद्याक्षरं आपल्या भाषेतली वापरायला नियमानं परवानगी आहे. मी मात्र इंग्रजीच वापरली, कारण निकालाचा वाद झाला तर पंचांना चटकन वाचता यावं. ३० सेकंदांची वाढ असलेल्या डावात शेवटच्या मिनिटापर्यंत खेळ्या लिहाव्याच लागतात. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला की लिहिणं सोडता येतं ही सवलत अशा डावांना नाही. त्यामुळे हात चालत राहील याची सवय हवी. दोन पेनं न्या.

स्पर्धा ऑगस्टमध्ये, स्विस पद्धतीची, म्हणजे कुणी बाद होत नाही, सारखे गुण असलेल्यांची गाठ घालत जातात. पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो आणि रेटिंग नसलेले तळाला असतात, म्हणजे पहिल्याच दिवशी आपल्यापेक्षा बराच वरचा खेळाडू मिळणार हे गृहीत धरा. मला मिळाला आणि मी रीतसर हरले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचा डाव दुसऱ्या फेरीचा.

पेअरिंग आदल्या रात्री लागली. काळी मोहरी, प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग सोळाशेच्या घरात. टेबलापाशी गेले तर समोर पासष्टीच्या पुढचे एक काका, स्वेटर खुर्चीच्या पाठीला अडकवलेला, स्कोअरशीटवर, म्हणजे खेळ्या लिहायच्या कागदावर, दोघांचीही नावं सुबक अक्षरात आधीच लिहून ठेवलेली. "या ताई," म्हणाले, हात मिळवला आणि एकेक मोहरं त्याच्या घराच्या बरोबर मध्यभागी सारायला लागले. फोन मी बंद करून आयोजकांच्या टेबलावर दिला होता. तो खिशात सापडला तरी डाव जाऊ शकतो, वाजणं दूरच. पंचांनी घड्याळ सुरू करायला सांगितलं. काळ्यानं पांढऱ्याचं घड्याळ चालू करायचं असतं. ते बटण दाबताना माझं बोट थरथरत होतं हे काकांनी नक्की पाहिलं असणार.

१.ई४ सी६ २.डी४ डी५ आणि मग, माझ्या ॲडव्हान्सच्या वहीची पानं तशीच राहिली, ३.ई×डी५ सी×डी५. एक्सचेंज.

बरेच जण याला कंटाळवाणा प्रकार म्हणतात. प्यादी बदलली, मध्य थंड झाला, आता काय? पण ४. उंट डी३ आल्यावर मला बरं वाटलं, कारण त्या एका संध्याकाळी मी नेमका हाच डाव पटावर मांडला होता: बेलग्रेड, १९७०, सोव्हिएत संघ विरुद्ध शेष जग, फिशर पांढरा आणि पेट्रोस्यान काळा. फिशर जिंकला होता. म्हणजे पांढऱ्याला यात खेळायला काहीतरी आहे, आणि काळ्यानं झोपून चालणार नाही. ४... घोडा सी६ ५.सी३ घोडा एफ६ ६. उंट एफ४ उंट जी४ ७. वजीर बी३. इथपर्यंत तोच डाव. बी३ चा वजीर बी७ च्या प्याद्याकडे बघतोय. जी४ चा उंट बाहेर गेल्यामुळे ते प्यादं उघडं पडलंय. पेट्रोस्याननं इथे घोडा ए५ वर नेला होता. मी वहीत लिहिलेलं साधं उत्तर दिलं, ७... वजीर डी७. प्यादं राखलं, कुठल्याही मोहऱ्याला उगाच हेलपाटा नाही.

८. घोडा डी२ ई६ ९. घोडा जी-एफ३ उंट×एफ३ १०. घोडा×एफ३ उंट डी६ ११. उंट×डी६. माझी घोकलेली वाट इथे संपली. घड्याळात नव्वदीच्या वरच वेळ होता, कारण खेळ्या भराभर झाल्या होत्या आणि तीस-तीस सेकंद जमा होत होते. ऑनलाइन असते तर वजिरानं उंट मारून मोकळी झाले असते. इथे पहिल्यांदा हात मांडीखाली घेतले. हात लावलेलं मोहरं खेळावंच लागतं या नियमावर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

११... वजीर×डी६ खेळलं की बी७ पुन्हा मोकळं. पांढऱ्यानं वजिरानं ते खाल्लं तर? हत्ती बी८ वर, वजिराला ए६ ला जावं लागणार, मग मी किल्लेकोट करणार आणि माझा हत्ती बी२ कडे बघत बसणार. त्यावर उंट बी५ आला तर हत्ती बी६ ला येऊन वजिरालाच हुसकावतो. प्याद्याच्या बदल्यात मोकळा हत्ती आणि पांढऱ्याचा लांब अडकलेला वजीर. मला ते चालणार होतं. हा हिशेब तीनदा केला. बारा मिनिटं गेली. वर बघितलं तर काका दुसऱ्या टेबलावरचा डाव बघायला उठून गेलेले. लांब डावात हे सगळे करतात. तुम्हीही उठा, पाय मोकळे करा, फक्त खेळण्याच्या जागेबाहेर पंचांना न विचारता जाऊ नका, आणि आपली खेळी असताना तर नाहीच.

मी वजिरानं मारलं. त्यांनी बी७ ला हात लावला नाही. १२. किल्लेकोट, किल्लेकोट.

आता डाव खरा सुरू झाला. पट समान, मोहरी समान, कुणालाच धमकी नाही. इथेच नवख्याला घाम फुटतो, कारण पाठ केलेलं काही उरत नाही आणि डोळ्यांना काही दिसत नाही. पण एक्सचेंजमधली प्याद्यांची ठेवण बघा. पांढऱ्याकडे वजिराच्या बाजूला ए, बी आणि सी अशी तीन प्यादी, काळ्याकडे ए आणि बी अशी दोन, शिवाय काळ्याला अर्धी उघडी सी फाइल, म्हणजे स्वतःचं प्यादं नसलेली उभी रांग. काळ्यानं आपली दोन प्यादी पुढे रेटून बी४ ला पोचायचं, अदलाबदल करायची आणि पांढऱ्याच्या सी३ वर एक दुबळं प्यादं उरवायचं. याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात, आणि या ठेवणीला कार्ल्सबाड रचना. वजिराचा गॅम्बिट या ओपनिंगमध्ये हेच पांढरा काळ्याविरुद्ध करतो. माझ्या वहीत एक्सचेंजच्या नावाखाली होतं: "हत्ती बी८, बी५, ए५, बी४. सी३ दुबळं. घोडा सी४ ला." एवढंच.

ओपनिंग निवडताना मी आता हेच विचारते. ते कितव्या खेळीपर्यंत पाठ आहे याला फार अर्थ नाही. त्यातून निघणाऱ्या ठेवणीत, काहीही घडत नसताना, तीन तास कंटाळा न करता बसवेल का? मला या ठेवणीत बसवत होतं. ज्यांना राजावर चालून जायला आवडतं त्यांनी दुसरं काही घ्यावं. कारो-कान चांगलं आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून घेऊ नये.

१३. हत्ती एफ-ई१ हत्ती ए-बी८ १४. वजीर सी२ बी५ १५.ए३ ए५ १६. घोडा ई५. पांढऱ्याचा घोडा माझ्या तोंडासमोर येऊन बसला. हा मारायचा नाही. घोड्यानं मारला तर डी४ चं प्यादं ई५ वर येतं आणि एकाच वेळी डी६ चा वजीर आणि एफ६ चा घोडा दोघांवर चाल करतं, आणि त्या प्याद्याच्या मागे ई१ चा हत्ती उभा आहे. मी १६...बी४. मग १७.ए×बी४ ए×बी४ १८. घोडा×सी६ वजीर×सी६ १९. हत्ती ई३ बी×सी३ २०.बी×सी३ हत्ती एफ-सी८. ठरवलेलं सगळं झालं होतं. सी३ चं प्यादं एकटं, त्याच्यासमोर माझा वजीर आणि मागे हत्ती.

आणि काकांनी ते राखलंच नाही. २१. हत्ती एच३.

फुकटचं प्यादं! हात मांडीखालीच होते म्हणून बरं. वजिरानं सी३ मारलं की काय? त्यांचा वजीर सी२ वर, मध्ये डी३ चा उंट, आणि एच३ चा हत्ती तिसऱ्या रांगेत. तो एच७ कडे बघतोय एवढंच आधी दिसत होतं. मग ती रांग उलट्या दिशेनं वाचली. एच३, जी३, एफ३, ई३, डी३, सी३. मध्ये फक्त त्यांचा उंट. तो एच७ ला शह देत बाजूला झाला की हत्तीची नजर थेट सी३ वर. २१... वजीर×सी३ २२. उंट×एच७ शह, घोड्यानं उंट मारला, २३. वजीर×सी३ हत्ती×सी३ २४. हत्ती×सी३. सगळी मारामारी झाल्यावर पांढऱ्याकडे एका उंटाच्या बदल्यात माझा हत्ती. शांतपणे लावलेला सापळा होता तो.

उत्तर शोधायला वीसेक मिनिटं लागली, पण ती या डावातली सगळ्यात मजेची. एच६ खेळलं तर? उंट एच७ ला जाऊन तरीही शह देतोच, युक्ती जिवंत राहते. जी६ खेळलं तर उंटाला शह देत निसटायला घर नाही, आणि मग सी३ ची धमकी खरी होते. २१...जी६. काकांनी मान किंचित हलवली, दुसरा हत्ती सी१ वर आणला आणि एच३ चा मागे घेतला.

पुढच्या दहा-बारा खेळ्या पटकन सांगते. माझा घोडा डी७, बी६ करत सी४ ला पोचला, त्यांनी उंट देऊन तो काढला. तिसाव्या खेळीच्या सुमाराला त्यांनी खेळी केली आणि घड्याळ दाबण्याआधी हळूच म्हणाले, "ताई, बरोबरी?" बरोबरी विचारायची पद्धत हीच: आधी आपली खेळी करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं, आणि दोघांनी स्कोअरशीटवर त्या खेळीपुढे (=) अशी खूण करायची. उत्तर तोंडी द्यायलाच हवं असं नाही, खेळी केली की नकार झाला. मी खेळी केली. माझ्या घड्याळात तेव्हा सतरा मिनिटं होती, त्यांच्या जवळपास चाळीस.

वजीर गेले, एकेक हत्ती गेला, आणि सी३ अखेर पडलं. पण बदल्यात त्यांचा हत्ती ए७ वर येऊन बसला, माझ्या सातव्या रांगेत. माझी डी५, ई६, एफ७, जी६, एच७ अशी पाच प्यादी, त्यांची डी४ आणि राजाच्या बाजूची तीन. एक प्यादं वर, तरी डाव हलेना. माझा राजा जी७ वर असेपर्यंत एफ७ चं प्यादं बांधलेलं, हलवलं की राजाला शह. राजा एफ६ ला आणून ई५ नं मध्य फोडावा तर डी४ चं प्यादं शह देत ते खातं, मी राजानं परत घेतलं की एफ७ पडतं आणि पाठोपाठ एच७. मी हत्तीनं सी४ वरून डी४ ला दाबायचं, त्यांनी राजा ई३ ला आणून राखायचं. मी सी३ ला शह द्यायचा, त्यांनी राजा डी२ ला आणून माझ्या हत्तीवर चाल करायची. हत्ती परत सी४. राजा परत ई३.

माझ्याकडे तीन मिनिटांच्या आत वेळ उरला होता आणि दर खेळीचे तीस सेकंद. ई५ चा धोका पत्करायचा की नाही हे ठरवायला तेवढा वेळ पुरणार नव्हता. मी बरोबरीचा दावा करायचं ठरवलं, आणि हा भाग नीट वाचा, कारण इथे ऑनलाइनसारखं आपोआप काही होत नाही. तीच स्थिती तिसऱ्यांदा येत असेल, खेळायची पाळी त्याच खेळाडूची असेल आणि शक्य खेळ्याही त्याच असतील, तर दावा करता येतो. पण ती स्थिती आपल्या खेळीनं येणार असेल तर ती खेळी पटावर करायची नाही. आधी स्कोअरशीटवर लिहायची, मग घड्याळ थांबवायचं आणि पंचांना सांगायचं. एरवी खेळी आधी लिहून ठेवायला बंदी आहे. दाव्याच्या वेळी मात्र लिहावीच लागते. खेळी करून टाकलीत की त्या वेळचा हक्क गेला. दावा चुकीचा निघाला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा मिळतात आणि लिहिलेली खेळी खेळावी लागते. पाचव्यांदा तीच स्थिती आली तर मात्र दाव्याची गरज नाही, डाव बरोबरीत संपतो.

मी लिहिलं, घड्याळ थांबवलं, हात वर केला. पंच आल्या. "काय दावा?" "माझ्या या खेळीनंतर तीच स्थिती तिसऱ्यांदा येते." त्यांनी दोन्ही स्कोअरशीट घेतल्या आणि बाजूच्या मोकळ्या पटावर डाव मांडायला घेतला. माझं अक्षर शेवटी शेवटी इतकं बिघडलं होतं की त्या दोनदा काकांच्या कागदाकडे वळल्या. आम्ही दोघं गप्प. बाजूच्या टेबलांवर डाव चालू, त्यामुळे कुजबुजही नाही. मग त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "मान्य." दोघांनी दोन्ही कागदांवर निकाल लिहिला, अर्धा-अर्धा, आणि सह्या केल्या. सही करण्याआधी निकाल कुणाच्या नावापुढे काय लिहिलाय ते बघा, एकदा सही झाली की तो बदलणं फार कटकटीचं.

नंतर विश्लेषणाच्या खोलीत बसलो. शक्य असेल तर हे चुकवू नका, प्रवेश फीतला सर्वांत मोलाचा भाग हाच. काकांनी मोहरी चौदाव्या खेळीपाशी आणून ठेवली. "वजीर सी२ ऐवजी इथेच ए४ खेळायला हवं होतं मी. तुमचं बी५ अडलं असतं."

"फिशरनं ए४ खेळलं होतं," मी म्हटलं.

"अरे वा, बघितलाय का तो डाव?" मग ते जरा सैलावले. एच३ च्या सापळ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "लोक घेतात हो ते प्यादं. तुम्ही फार वेळ घेतलात तेव्हाच कळलं, नाही घेणार." शेवटच्या स्थितीत ई५ फोडून काळा जिंकतो का, यावर आमचं एकमत झालं नाही. घरी इंजिनला विचारलं. त्याचा कौल बरोबरीच्या आसपास होता, पण काकांनी दाखवलेल्या दोन ओळी त्याच्या पहिल्या यादीत नव्हत्या, आणि मला त्या जास्त समजल्या.

बाकीच्या फेऱ्यांत एक-दोन बरे डाव झाले, एकदा बाय मिळाला. बायचा गुण मिळतो पण रेटिंगसाठी तो धरत नाहीत, कारण समोर कुणी नसतं.

रेटिंगचं गणित लोक विचारतात, म्हणून थोडक्यात. पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही, २६ महिन्यांच्या आत जमले तरी चालतात. पहिल्याच स्पर्धेत एकही गुण मिळाला नाही तर ते डाव धरतच नाहीत. १ मार्च २०२४ पासून दोन बदल झाले. रेटिंगचा तळ १००० वरून १४०० वर आला, त्याच्या खाली निघालं तर यादीत नाव येत नाही. आणि पहिलं रेटिंग काढताना तुमच्या डावांमध्ये १८०० रेटिंगच्या दोन काल्पनिक खेळाडूंशी झालेल्या बरोबऱ्या मिळवतात. माझ्यासारख्या तळाच्या माणसाला त्यानं थोडा आधार मिळतो. यादी दर महिन्याच्या एक तारखेला लागते. स्पर्धा संपल्यावर पंच आणि महासंघामार्फत अहवाल जावा लागतो, त्यामुळे महिनाअखेरीस संपलेली स्पर्धा पुढच्याच यादीत येईल असं नाही. मी सप्टेंबरच्या यादीत स्वतःला शोधलं, नव्हते. ऑक्टोबरच्या यादीत होते, चौदाशेच्या थोडं वर. नव्या खेळाडूचा के हा गुणक पहिले ३० डाव होईपर्यंत ४० असतो, म्हणजे आकडा दोन्ही बाजूंनी जोरात हलतो. पहिल्या आकड्याचं फार मनावर घेऊ नका.

डिसेंबरच्या स्पर्धेचा अर्ज भरलाय. या वेळी आयडी आहे, त्यामुळे फक्त फी आणि फेऱ्यांच्या तारखा. वहीत एक्सचेंजच्या पानावर आता एक नवी ओळ आहे: "ए४ आलं तर?" त्यापुढे सध्या तीन डावांची नावं आणि पेन्सिलनं लिहिलेलं "घोडा ए५, मग सी४?" एवढंच आहे. कुणी या ठेवणीत काळ्यानं खेळत असाल तर ए४ ला काय करता, ते जरूर सांगा.